घराचा दगड तपासला का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

स्थानिक दगड, माती आणि चुना वापरून घरे बांधण्याविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. वाहतूक वाचते, सिमेंट कमी लागते, हे सगळे मान्य. पण ‘निसर्गाचेच साहित्य, म्हणून आरोग्याला निर्धोक’ या वाक्यावर मी अडखळले. उमेदीची सारी वर्षे भूशास्त्र शिकवण्यात गेली. हे वाक्य मला तसेच सोडवत नाही.

तुर्कस्तानातल्या कॅपाडोसिया भागात कराइन, तुझकॉय आणि सारिहिदिर ही गावे आहेत. ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड तिथे सहज कापला जातो. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्याचीच घरे बांधली, त्यातच कोठारे कोरली. त्या दगडात एरिओनाइट नावाचे तंतुमय खनिज होते. १९७०च्या दशकात डॉ. इझ्झेत्तिन बारिश यांना तिथे मेसोथेलिओमाचे, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या एरवी अत्यंत दुर्मिळ कर्करोगाचे, रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. पुढे काही गावांत जवळपास निम्मे मृत्यू या एकाच रोगाने होत असल्याचे दिसले. कारखान्यात कधी पाऊल न टाकलेल्या बायकाही त्यात गेल्या, कारण धूळ घरातच होती. गाव सोडून स्वीडनला गेलेल्यांनाही या रोगाने तिथे गाठले. छातीत रुतलेला तंतू वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि रोग वर यायला अनेकदा ३०-४० वर्षे जातात. तोवर दगडाचा संशय कोणाला येणार?

ग्रीसमधल्या मेत्सोवोत भिंतींना द्यायच्या पांढऱ्या मातीत ट्रेमोलाइट हे असेच तंतुमय खनिज निघाले. इटलीतल्या सिसिली बेटावर एटना ज्वालामुखीच्या उतारावरच्या बियांकाविल्लामध्ये जवळच्या खाणीतला माल घरांच्या गिलाव्यात गेला होता, आणि त्यात फ्लुओरो-एडेनाइट या खनिजाचे तंतू होते.

मला सर्वांत अस्वस्थ करते ते पुढचेच. अॅस्बेस्टॉस, म्हणजे अशाच घातक तंतूंच्या खनिजांविषयीचे अनेक देशांचे कायदे सहा खनिजांची नावे घेतात आणि थांबतात. ट्रेमोलाइट त्या यादीत आहे. एरिओनाइट आणि फ्लुओरो-एडेनाइट नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मात्र एरिओनाइटला १९८७ मध्ये आणि फ्लुओरो-एडेनाइटला २०१४ मध्ये माणसात कर्करोग घडवणारे ठरवले आहे. त्यामुळे ‘अॅस्बेस्टॉस नाही’ असा दाखला खरा असूनही दगड घातक असू शकतो. फुप्फुसाला यादी कळत नाही. तंतू किती बारीक, किती लांब आणि किती टिकाऊ, एवढेच तिथे चालते.

यावरून कोणी आपल्या घराच्या भिंती पाडायला धावू नये. बहुतेक दगडांत असे तंतू नसतात, आणि जिथे असतात तिथेही धोका हवेत उडणाऱ्या धुळीचा असतो. संशयित दगड कापताना, भोके पाडताना पाणी मारावे, धूळ कोरडी झाडू नये. तोंडाला बांधलेला रुमाल या तंतूंना अडवत नाही, त्यासाठी योग्य दर्जाचा मास्कच लागतो. खरे काम मात्र खाणीवरच व्हायला हवे. ज्वालामुखीच्या राखेचा किंवा सर्पेंटाइनसारखा हिरवट खडक फोडण्याआधी त्याचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासावेत, आणि तो अहवाल दगड विकत घेणाऱ्याच्या हाती पडावा.

लेखमालेच्या पुढच्या भागात गवंडी आणि वास्तुरचनाकार यांच्याबरोबर एखाद्या खनिजतज्ज्ञालाही बोलते करावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
भूशास्त्राची निवृत्त अध्यापिका