महाबळेश्वरची जुनी हॉटेलं जपा

मा. संपादक,
मागच्या रविवारी वाईहून महाबळेश्वरला गेलो, पसरणी घाटातच दीड तास अडकलो. गर्दी होणारच म्हणा, लोकांना हवा आवडते, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझे आजोबा ज्या जुन्या हॉटेलात कामाला होते ते बघायला मुद्दाम थांबलो आणि मन खट्टू झालं. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरतं पत्र्याचं छप्पर, लांबलचक व्हरांडा, पावसाळ्यात भिंती भिजू नयेत म्हणून बाहेरून गवताची आवरणं बांधायचे, कारण इथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सिमेंटच्या डब्याला ते कुठून झेपणार? आता त्या व्हरांड्याला काचा लावून वर एसीचे बॉक्स बसवलेत. अहो, महाबळेश्वरात एसी!

ज्या काळात मुंबईचा इंग्रज गव्हर्नर माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी बोलणी करून हे ठिकाण वसवलं तेव्हापासूनची ही बांधायची पद्धत आहे, ती इथल्या हवेला धरून आहे. 2001 पासून हा भाग इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे निसर्गाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जपायचा भाग आहे, नव्या बांधकामावर बंधनं आहेत, मग आहे त्या जुन्या वास्तूंची डागडुजी जांभ्यातच व्हावी असा नियम पाळून घ्यायला काय हरकत आहे? पर्यटक त्यासाठीच तर येतात, गेल्या वेळी पुण्याची एक फॅमिली त्याच व्हरांड्यात तासभर फोटो काढत बसलेली मी स्वतः पाहिली. मालकांना दुरुस्तीसाठी करात सूट द्या, आणि ते काम येणारे जुने गवंडी वाई-मेढ्याकडं अजून आहेत, त्यांना बोलवा.

- एक वाचक, वाई, जि. सातारा