आधी हात पाहणाऱ्या सुतारकाकांना

काका, नमस्कार.

काल मंडईच्या जत्रेतलं नाटक संपलं तेव्हा तांबडं फुटलं होतं. रात्री दहानंतर पडदा उघडला, तेव्हापासून बास गिटार माझ्या खांद्यावर होता. वायरी गुंडाळताना डावा तळवा ट्यूबलाइटखाली धरून पाहिला. एक ओरखडा नाही. तिथंच ठरवलं, काकांना आजच लिहायचं.

मे महिन्यात तुमच्याकडे आले तेव्हा त्याच हाताला तीन ठिकाणी पट्ट्या होत्या. आपल्याकडच्या उन्हात गिटारच्या मानेचं लाकूड वाळून आकसतं, त्यावर आडव्या बसवलेल्या फ्रेटच्या धातूच्या पट्ट्या मात्र तेवढ्याच राहतात. त्यांची टोकं कडेने बाहेर येतात आणि हात सरकला की सोलून निघतो. हे मला तुम्ही बैलगाडीच्या चाकावरून समजावलंत. उन्हाळ्यात लाकूड आटतं आणि लोखंडी धाव सैल होते, तसंच हे.

त्याआधी शहरातल्या दोन दुकानांत जाऊन आले होते. एकाने काउंटरमागूनच सांगितलं, "मुलींचे हात लहान असतात, कीबोर्ड घे." दुसरा म्हणाला, सवय होईल. आणि लगेच ३० इंची वाजत्या तारेचा छोटा बास पुढे केला, कारण माझ्या बासची तार ३४ इंची. नवा बास घेण्याइतके पैसे असते तर मी बसच्या दोन फेऱ्या मारून दुरुस्तीला कशाला आले असते? दोघांनीही गिटार पाहिली, माझा हात कुणीच पाहिला नाही.

तुम्ही रंधा बाजूला ठेवला, हात धोतराला पुसले आणि म्हणालात, "गिटार राहू दे पोरी, आधी हात दाखव." माझा तळवा उजेडाकडे वळवून एकेका जखमेजवळ बोट नेलंत, तिला न लावता. "हे तं कापून राह्यलं तुले." काका, मला तिथंच रडू आलं. चार महिने सगळे मला सवय कर म्हणत होते. मला खरंच लागतंय, हे पहिल्यांदा कुणीतरी मानलं.

मग तुम्ही कानस घेतलीत. दोन-चार हात मारले की डोळे मिटून स्वतःचा अंगठा कडेवरून फिरवायचात. नेकमधली, म्हणजे मानेचा वाक जुळवायची सळी दाखवली तर म्हणालात, "हे मले समजत नाही, याले हात लावत नाही." दुकानात बसून सगळं येतं म्हणणाऱ्यांपेक्षा असा माणूस मला लाखमोलाचा वाटतो. अशी माणसं गावात आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

आणि तो निवारीचा पट्टा! बैलाच्या मानेलाही बारीक दोरी काचते म्हणत तुम्ही जुन्या खाटेची रुंद निवार दुहेरी शिवून दिलीत. चार किलोचं वजन आता खांद्यात रुतत नाही, आणि सूत खरखरीत असल्यामुळे गिटारची मानही खाली झुकत नाही. पट्टा चार बोटं वर घ्यायलाही तुम्हीच सांगितलंत. मनगट मोडून रंधा मारला तर संध्याकाळी हात उचलत नाही, म्हणालात. आता मनगट सरळ राहतं.

पैसे तर तुम्ही घेतलेच नाहीत. धान निघालं आहे. रविवारी बाबांसोबत नवा तांदूळ घेऊन येते, नाही म्हणू नका. बास आणि छोटा स्पीकरही आणते. त्या दिवशी तारा उतरवलेल्या होत्या, तुम्ही त्याचा आवाज अजून ऐकलाच नाही.

तुमची,
बासवाली पोरगी