देवळाच्या डाव्या अंगाला

स्टॉर्नोवे, लुईस बेट, स्कॉटलंड
रविवार

तीर्थरूप बाबांस व सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या बेटावर जाऊन काय बघितलंस?" तेव्हा ड्युटीवर निघाले होते, नीट सांगता आलं नाही. आज सुट्टी आहे. रविवार इथे देवाचा वार, गाव अगदी शांत असतं. म्हणून कागद घेऊन बसले. हे पत्र आज्जीला मोठ्याने वाचून दाखवा. शेवटी तिच्याकडे आणि तुमच्याकडे एक मागणं आहे.

बेटाचं नाव सेंट किल्डा. हॅरिसच्या धक्क्यावरून बोटीने तीन तास, मध्ये नुसता अटलांटिक. वाटेत निम्म्या लोकांना बोट लागली, मलाही. मग धुक्यातून एकदम काळे उभे कडे वर आले आणि पक्ष्यांच्या कलकलाटात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येईना. मुख्य बेट हिर्टा. खाडीच्या कडेने वळणारी एकच गल्ली, १८६० नंतर बांधलेली सोळा दगडी घरं, त्यांच्या मध्ये मध्ये त्याहून जुनी, आता ढासळलेली. मागच्या डोंगरभर दगडी कोठारं, एकट्या हिर्टावर बाराशेच्या वर. दोर बांधून कड्यावरून उतरायचं, समुद्रपक्षी आणि त्यांची अंडी धरून आणायची आणि या कोठारांत वाऱ्यावर सुकवून वर्षभर पुरवायची, असं ते जगले. झाड मात्र बेटावर औषधालाही नाही.

या गल्लीतली शेवटची छत्तीस माणसं २९ ऑगस्ट १९३० ला बेट सोडून गेली. तरुण आधीच बाहेर पडले होते, दोर धरायला हात उरले नव्हते, आजारपणात डॉक्टर मिळत नव्हता. आम्हाला इथून न्या, असा अर्ज त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात सरकारला केला. त्यात त्यांना मदत करणारी बाई बेटावरची नर्स होती, विल्यमिना बार्कले. मी नर्स आहे म्हणून असेल, तिच्यावरून माझं मन हलेना. आजारी माणसाला "चला, आता निघू या" म्हणणं मला माहीत आहे. अख्ख्या गावाला ते कसं म्हणायचं?

निघायच्या दिवशी सकाळी घराघरात बायबल उघडून ठेवलं आणि शेजारी ओटच्या दाण्यांची लहानशी रास. मग दारं ओढून घेतली. आज्जी, रिकाम्या घरात धान्य ठेवून निघायचं म्हणजे काय, हे तुला मी काय सांगू.

त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना सरकारने मुख्य भूमीवर वनखात्यात कामाला लावलं. जन्मात झाड न बघितलेल्या माणसांना! आपल्याकडे बेळगावजवळ हिडकलच्या धरणात हुन्नूर गाव गेल्यावर आज्जीच्या भावांना माळावरची जमीन मिळाली आणि भात लावणारे हात दगड वेचायला लागले, ते मला तिथेच आठवलं.

बेट १९५७ पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे. काही घरांवर परत छप्पर चढवलंय, एका घरात छोटं संग्रहालय आहे. १९८६ साली जागतिक वारशात नाव गेलं, आधी निसर्गासाठी, २००५ मध्ये माणसांच्या खुणांसाठीसुद्धा. हे सगळं चांगलंच आहे. खरं मी सगळ्यात जास्त थांबले ती पडक्या घरांतल्या चुलीपाशी. तिथे पाटीवर शेवटी राहणाऱ्याचं नाव लिहिलंय. भिंत पडली तरी नाव आहे. आणि खुद्द बेटाचं नाव? किल्डा नावाचा कुणी संत झालाच नाही. बाहेरच्या नकाशांवरच्या चुकीतून ते नाव आलं असावं आणि चिकटलं. तिथली माणसं आपल्या बेटाला त्यांच्या गेलिक भाषेत हिओर्त म्हणायची. हिर्टावर जन्मलेल्यांतल्या शेवटच्या बाई, रेचल जॉन्सन, २०१६ साली गेल्या. बेट सोडताना त्या आठ वर्षांच्या होत्या.

बाबा, आपल्याकडे पाटी कुठल्या लिपीत, गावाचं नाव बेळगाव की बेळगावी, यावर माझ्या जन्माच्या आधीपासून माणसं भांडत आलीत. त्यांचं दुःख मला कळतं. खरं आज्जीच्या बुडालेल्या गावच्या ओढ्याचं नाव कुठल्याच लिपीत कुठल्याच पाटीवर नाही, आणि ते फक्त तिच्या तोंडात आहे.

इथे लुईसच्या उत्तर टोकाला नेस म्हणून भाग आहे. तिथल्या गावकऱ्यांनी १९७७ साली स्वतःची इतिहास संस्था काढली. मोठे पंडित कुणी नाहीत, मासे धरणारे, मेंढ्या राखणारे. मी महिन्यातून एकदा तिथे जाते. मागच्या वेळी एका म्हाताऱ्या बाईसमोर जुना फोटो ठेवला होता. हेरिंग मासे साफ करायला दूर गेलेल्या पोरी, ओळीने उभ्या, सुरी लागू नये म्हणून प्रत्येकीच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. बाईंनी फोटोला बोट लावलं नाही, वरून हवेतच फिरवलं. एकेकीवर थांबायच्या, तिच्या बापाचं नाव, मग आज्याचं नाव, मग घराचा नंबर. इथे एकाच आडनावाची माणसं ढिगाने, आपल्या पाटलांसारखी, त्यामुळे असंच ओळखतात. एका पोरीवर बोट बराच वेळ थांबलं. कुणी घाई केली नाही, कुणी नाव सुचवलं नाही. चहा गार झाला. मग त्या म्हणाल्या, हिचं नाव नाही आठवत, खरं हिचा आवाज फार गोड होता. संस्थेतल्या पोराने तेसुद्धा जसंच्या तसं लिहून घेतलं.

लोकर घट्ट करायला ओलं कापड टेबलावर आपटताना इथल्या बायका गाणी म्हणायच्या, एक सांगायची, बाकीच्या ओढायच्या. एडिनबरा विद्यापीठात १९५१ पासून असल्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण सुरू झालं, आता ते घरबसल्या ऐकता येतं. ऐकताना मला जात्याची घरघर ऐकू येते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या राहिल्या. आज्जीच्या ओव्या मात्र अजून कुणी घेतल्या नाहीत.

आता मागणं. मागच्या उन्हाळ्यात आपण धरणाकाठी गेलो होतो. पाणी उतरलं होतं, हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ दिसत होतं. आज्जी काठी पुढे करून चिखलाकडे बघत बोलायला लागली, "देवळाच्या डाव्या अंगाला वळलीस की कुंभाराची भट्टी लागतीय, खरं तिथनं जाऊ नको, कुत्रं हाय." पन्नास-एक वर्षं पाण्याखाली असलेलं गाव, आणि ती मला कुत्र्यापासून जपत होती. तेवढ्यात मी म्हटलं, "आज्जी, ऊन लागेल, चल गाडीत." ती गप्प बसली. ते मला इथे झोपू देत नाही.

म्हणून, धाकट्याच्या मोबाईलवर तिचं बोलणं मुद्रित करा. "तुझी गोष्ट सांग" म्हणू नका, ती लाजून "काय सांगायचं" म्हणेल. नेसच्या लोकांनी मला शिकवलं तसं वाट विचारा. घरातून पाण्याला कुठून जायचीस? वाटेत कुणाकुणाची दारं? ती गप्प राहिली तर तुम्हीही गप्प राहा. मोजताना ती कानडीत ओंदु, एरडु म्हणते, काळ्या रानाला करी होल म्हणते. ते मराठीत बदलून घेऊ नका. पेटीतले फोटो त्या चिकट पानांच्या अल्बममधून आत्ताच काढा, नाहीतर पावसाळ्यात कागद तिथेच धरतो. मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, पेनने नको, शाई पुढे उतरते. माळावरच्या वसाहतीत तिच्या वयाची दोन-तीन माणसं आहेत, त्यांना एक दिवस घरी जेवायला बोलवा. एक विसरलं तर दुसरं भांडून सांगेल.

सेंट किल्डाची माणसं लाकडाच्या कोरलेल्या होडीत पत्र ठेवून, मेंढीचं मूत्राशय फुगवून बांधून, वारा बघून समुद्रात सोडायची. काही स्कॉटलंडला लागायची, काही पार नॉर्वेला. तुमचं उत्तर मला त्याहून लवकर मिळेल. कुंभाराच्या भट्टीच्या पुढे काय होतं, ते तुम्ही फोनवर सांगू नका. आज्जीच्या आवाजात पाठवा.

तुमची,
थोरली