नुसतं ‘छान’ म्हणू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

फोटो समोर ठेवून स्केच काढणं म्हणजे परीक्षेतली कॉपी, खरा चित्रकार मनातूनच काढतो, असं एका वाचकाने गेल्या आठवड्याच्या पत्रव्यवहारात ठणकावून सांगितलं आहे. गेली तीन वर्षं मी दोन्ही करते आहे आणि दोन्हीकडे सपाटून आपटले आहे, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. निवृत्तीनंतर हातातली पेन्सिल तीच राहिली, काम तेवढं बदललं. क्लासबिस लावला नाही. आम्ही पाच जण आठवड्यातून एकदा जमतो. प्रत्येकाने एक स्केच मनाने आणि एक फोटोवरून काढून आणायचं, बाकीच्या चौघांनी त्यावर बोलायचं. रीतसर चित्रकला शिकलेलं आमच्यात कोणीच नाही.

पहिल्याच महिन्यात मी मनाने सायकल काढून नेली. उभी हयात सायकल चालवली, बघायचं काय त्यात! दोन चाकं, मधल्या नळ्या, सीट, हॅण्डल, पॅडल. माझी मलाच आवडली होती. तिघांनी ‘छान’ म्हटलं. आमच्यातला सगळ्यांत धाकटा, कॉलेजात जाणारा मुलगा मात्र वही हातात धरून बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “मावशी, पण ही वळणार कशी?”

मी एक नळी पुढच्या चाकाच्या आसापासून थेट मागच्या चाकाच्या आसापर्यंत ओढली होती. हॅण्डल कितीही फिरवा, पुढचं चाक जागचं हलणार नाही. वर साखळी दोन्ही चाकांवरून फिरवलेली! घरी येऊन सायकलचा फोटो समोर घेऊन बसले. सांगाडा हॅण्डलच्या खालच्या नळीपाशी संपतो, पुढचं चाक वेगळ्या चिमट्यात धरलेलं असतं आणि साखळी पॅडलपासून फक्त मागच्या चाकाकडे जाते. एवढी साधी गोष्ट. फोटो पालथा घालून पुन्हा काढली, तर चिमटा काठीसारखा सरळ आला. फोटोत तो खाली जाताना पुढे वाकलेला होता. तिसऱ्या खेपेला वळू शकेल अशी सायकल उतरली. त्या दिवशी तिघांच्या ‘छान’वर खूश होऊन घरी आले असते, तर आजही माझ्या सायकली नाकासमोरच चालत असत्या.

फोटो बघायचा, झाकायचा, आठवून काढायचं, पुन्हा ताडून बघायचं ही युक्ती माझी नव्हे. पॅरिसमध्ये लेकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे एक शिक्षक विद्यार्थ्यांकडून अशीच स्मरणाची तालीम करून घेत. वस्तू नीट बघून घ्यायची आणि मग ती समोर नसताना काढायची. १८४८ मध्ये त्यांनी आपली पद्धत छापूनही काढली. पुढे शिल्पकार म्हणून गाजलेले रोदँ त्यांचेच विद्यार्थी. म्हणजे मनातून काढणाऱ्यांनीही आधी डोळे भरून बघितलेलं असतं.

नाही बघितलं तर काय होतं ते घोड्यांना विचारा. चौखूर उधळलेला घोडा म्हटला की पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेले आणि चारही हवेत, असंच चित्रकार वर्षानुवर्षं काढत आले. १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिज यांनी धावत्या घोड्याचे ओळीने फोटो घेतले, तेव्हा दिसलं की चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. भलेभले चित्रकार चुकले होते, माझ्या सायकलीचं काय घेऊन बसलात!

पण फोटोही काही हरिश्चंद्र नव्हे. आमच्यातल्या एका आजोबांनी नातवाचा चेहरा फोनवरच्या फोटोवरून रेघ न् रेघ उतरवला, आणि नाक बटाट्याएवढं झालं. हात चुकला नव्हता, फोटो फार जवळून घेतलेला होता. नाकाच्या शेंड्यापासून कान १२ सेंटीमीटर मागे धरा. फोन नाकापासून ३० सेंटीमीटरवर असेल, तर नाकाच्या मानाने कान जेवढा दिसायला हवा त्याच्या ७१ टक्केच उमटतो. दोन मीटर लांब उभं राहिलं तर ९४ टक्के. हे गणित आमच्यातल्या एका बाईंनी वहीच्या कोपऱ्यात मांडून दाखवलं. आजोबांनी लांबून दुसरा फोटो घेतला. नातू ओळखू आला.

आता चौघांच्या बोलण्याविषयी. आपण लिहिलेल्या मजकुरातली चूक आपल्याला दिसत नाही, हे छपाईच्या धंद्यात कोणालाही सांगावं लागत नाही. कागदावर काय आहे ते न वाचता डोळा मनातलंच वाचत सुटतो. चित्राचंही तेच. मोनालिसा काढणाऱ्या लिओनार्दोने चित्रकारांना आपलं काम आरशात उलटं बघायला सांगितलं होतं, ते याचसाठी. उलटं झालं की ते परक्याचं वाटतं. मी माणसांचे डोळे कपाळाला टेकवून काढायची. आरशात चेहरा कसनुसा दिसायचा, पण कशामुळे ते कळेना. कोणीतरी पेन्सिल आडवी-उभी धरून मोजून दाखवलं, की डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. वरचा अर्धा भाग मी रोज कापून टाकत होते.

आम्ही ‘कसं वाटलं?’ या प्रश्नावर बंदी घातली आहे. ज्याचं चित्र त्याने नेमकं विचारायचं: हा माणूस खुर्चीत बसलाय की खुर्चीपुढे अधांतरी? प्रकाश कुठून येतोय ते कळतंय का? सांगणाऱ्याने बोट ठेवून दाखवायचं, पण दुसऱ्याच्या कागदावर पेन्सिल चालवायची नाही. हा नियम माझ्यामुळे करावा लागला. एकाच्या स्केचवर मी सवयीने समासात खुणा केल्या होत्या; पुढचे दोन आठवडे तो आलाच नाही.

त्या पत्रलेखकांना माझी एक विनंती पोहोचवावी. आज रात्री कुठेही न बघता एक सायकल काढा आणि घरातल्या सगळ्यांत फटकळ माणसाला दाखवा. मग सायकलचा फोटो बघायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक