फाईल अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही

महोदय,

आमच्या आत्याचा वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात कित्येक वर्षे पडून आहे. वकीलसाहेब तारखेला हजर राहत नाहीत, फोन घेत नाहीत, म्हणून तिने दुसरे वकील गाठले. त्यांची पहिली अट : ‘आधीच्यांची एनओसी आणा.’ आधीचे म्हणाले, ‘राहिलेली फी भरा, मगच एनओसी आणि फाईल.’ जुने सातबारे, फेरफार, मूळ खरेदीखत, सगळे त्या फाईलमध्येच. सत्तरीच्या पुढची विधवा बाई, रिकाम्या हाताने परत आली.

हे सरळसरळ बेकायदा आहे. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात स्पष्ट सांगितले आणि फाईल न देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. वकिलांची रास्त फी कोणी बुडवू नये. पण तिच्या वसुलीसाठी कायद्याचे वेगळे मार्ग आहेत. एनओसीचेही तसेच. नव्या वकिलाने जुन्यांची संमती घ्यावी, हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम खरा. ती मिळाली नाही तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी, हेही त्याच नियमात लिहिले आहे! दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे पक्षकार स्वतःच्या सहीने लेखी देऊन, न्यायालयाच्या परवानगीने जुने वकीलपत्र संपवू शकतो.

नवे वकील हा अर्ज करायला कचरतात, कारण रोज एकाच बार रूममध्ये बसायचे असते. त्यांची अडचण मला कळते, पण तिची झळ पक्षकाराने का सोसायची? मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वकिलांविरुद्ध ग्राहक आयोगातही जाता येत नाही. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण तोवर इकडे तारखा निघून जातात.

प्रत्येक तालुका न्यायालयाच्या दर्शनी भागात हा नियम, अर्जाच्या नमुन्यासह, मराठीत लावावा, अशी माझी उच्च न्यायालयाला विनंती आहे. अर्ज लिहून देण्याचे काम तालुका विधी सेवा समितीने करावे. महिलांना तर उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. आत्याला हे आजवर कोर्टात कोणीही सांगितले नव्हते.

– एक वाचक, जि. सातारा