आम्ही ठीक आहोत

ओउलू (फिनलंड), 19 मार्च

प्रिय दिग्या,

आधी शिव्या घालून घे. दीड वर्ष झालं, मान्य. मधे तीनदा लिहायला बसलो, पण दुसऱ्याच वाक्याला गाडी हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर जायची आणि मी उठायचो. तब्येत बरी आहे. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत, डॉक्टरीणबाई म्हणतात जाणीव येईल हळूहळू. झालं, तब्येत संपली.

तर मी चालत समुद्र ओलांडायला निघालो होतो, आणि एकटा निघालो होतो. यातलं दुसरं मेधाला माहीत नाही.

हैलुओतो बेटाच्या पश्चिम टोकाला मार्यानिएमीचं दीपगृह आहे. तिथे बर्फावर उतरायचं आणि मावळतीकडे चालत राहायचं, म्हणजे शंभरेक किलोमीटरवर स्वीडनची, लुलेओबाहेरची बेटं लागतात. बोथनियाच्या आखाताचं हे अगदी वरचं टोक, दर हिवाळ्यात गोठतं. मोठमोठ्या नद्या गोडं पाणी आणून ओततात, त्यामुळे इथल्या लिटरभर पाण्यात मीठ तीनेक ग्रॅम. महासागरात ते 35 असतं. बर्फ वितळवून चहा केला तर खारटपणा शोधावा लागतो. तू म्हणशील, मग हा समुद्र कसला. पहिल्या दिवशी मीही तेच म्हणत होतो.

ऑफिसातले दोघं येणार होते. एकाचं पोर आजारी पडलं, दुसऱ्याने चार दिवस आधी काहीतरी पुटपुटून माघार घेतली. मेधाची अट एकच होती, एकटं जायचं नाही. मी तिला ते दोघं गळल्याचं सांगितलंच नाही. खोटं बोललो असंही नाही, नुसतं सांगितलं नाही (हे वाक्य वाचून तू कसा हसला असशील ते मला इथे दिसतंय). हैलुओतोला जायला थंडी बरी पडली की समुद्रावरून मोटारीचा रस्ता आखतात. त्यावर गाड्यांनी एकमेकींत 50 मीटर अंतर ठेवायचं, थांबायचं नाही, ओव्हरटेक करायचं नाही. शेजाऱ्याने त्या रस्त्याने सोडलं. दीपगृहापाशी त्याने विचारलं, बाकीचे? म्हटलं, पुढे भेटतील. त्याने समोरच्या मोकळ्या पांढऱ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गाडी वळवली. हे लोक जास्त विचारत नाहीत, हा त्यांचा गुण आणि माझी सोय.

आता ऐक. सॅटेलाइटवरून निरोप पाठवायचं एक यंत्र असतं. निरोप आधीच लिहून ठेवायचा, रात्री बटण दाबलं की घरी जातो. तिघं जायचं ठरलं तेव्हा मी त्यात लिहिलं होतं, ‘आम्ही ठीक आहोत. मुक्काम केला.’ निघताना ते बदलायला दोन मिनिटंही लागली नसती. नाही बदललं. उणे 18 मध्ये, तंबूत एकटा, दातांनी हातमोजा ओढून मी रोज रात्री बटण दाबायचो, आणि ‘आम्ही’ आकाशात जायचं.

तुझ्या इतिहासाच्या किड्यासाठी एक खाऊ. 1809 च्या मार्चमध्ये बार्क्ले दे तोली नावाच्या रशियन सेनापतीने इथून दक्षिणेला, वासाहून उमेओपर्यंत, अख्खी फौज गोठलेल्या क्वार्कन सामुद्रधुनीवरून चालवत नेली होती. त्याने ‘आम्ही’ म्हटलं तर शोभतं.

पहिल्या दिवशी 18 किलोमीटर झाले. किनाऱ्याला धरून असलेला बर्फ, जाड, सपाट, स्की घालून मागे सामानाची घसरगाडी ओढत नुसतं जात राहायचं. रात्री बर्फ बोलतो. लांब कुठेतरी ताणलेली तार सुटल्यासारखा आवाज निघतो आणि थेट पाठीखालून जातो. दुसऱ्या दिवशी वाहता बर्फ लागला. वारा तो एकमेकांवर चढवतो, आणि कमरेएवढ्या, कुठे डोक्याएवढ्या राशी होतात. स्की काढा, गाडी ओढून वर घ्या, खाली सोडा, ती पोटरीवर आदळते, पुन्हा घाला. दिवसभरात नऊ किलोमीटर. मला फार मजा आली, हे तुलाच सांगू शकतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी जहाजांची वाट आडवी आली. बर्फफोडी जहाजं बंदरांसाठी ती फोडत राहतात. तीस-चाळीस मीटर रुंद, फुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटलेले, वरून भुरभुर. दिसायला रस्ता, खाली समुद्र. माझ्याकडे पाण्यात उतरायचा कोरडा सूट होता, गळ्यात खिळ्यांच्या दोन मुठी होत्या, पडलंच तर बर्फात रोवून वर ओढून घ्यायला. तळ्यावर सरावही केला होता. पण तळ्यावर दोघांनी दोर धरला होता.

बर्फ तपासायची लोखंडी टोकाची काठी असते. चालायला घट्ट बर्फ निदान 10 सेंटिमीटर हवा. कडेवरून एक घाव घातला, काठी अडकली. पुढे वाकून दुसरा घातला, आरपार गेली. आणि हातातून सुटली. मनगटाचा पट्टा मी मघाशीच काढला होता, जाड हातमोज्यात रुततो म्हणून. काळं पाणी बुळुक झालं आणि काठी गेली.

काठीशिवाय ओलांडणं मूर्खपणा, म्हणून परत फिरलो. इथपर्यंत सगळं सरळ आहे ना? मेधाला, ऑफिसात, सगळ्यांना हेच सांगितलं (मेधाला ‘फिरलो’ऐवजी ‘फिरलो आम्ही’). सगळे म्हणाले, शहाणपणा केलास.

पण दिग्या, ती सुटली की मी सोडली?

आठ दिवस मी तोच एक क्षण उलटापालटा करतोय. काठी आरपार गेली तेव्हा मूठ घट्ट होती का, आठवत नाही. ती जाताना पोटात जे झालं ते मात्र आठवतं. भीती नव्हती ती, सुटका होती. आता कोणी मला पुढे जा म्हणू शकत नव्हतं. तिथे मी एकटाच होतो, म्हणणार कोण होतं? तर तूच. नळीत तुझ्या बुटाचा तळ निघाला आणि तू परत गेलास. मी आणि नान्या वर पोचलो, आणि पुढे दहा वर्षं प्रत्येक बैठकीत मी तो किस्सा सांगितला, की याने तळ स्वतःच उपटला. सईच्या बारशालासुद्धा सांगितला. तू तेव्हा उठून आत गेलास, आणि मला वाटलं पाणी प्यायला गेलास.

येतानाचं थोडक्यात. इथे भरती-ओहोटी जवळपास नाही, पण वारा पाणी वर-खाली करतो आणि सगळा बर्फ हलतो. रात्री वारा फिरला. सकाळी पाहतो तर किनाऱ्याकडच्या बर्फात आणि माझ्यात भेग. उत्तरेला सहा किलोमीटर तिच्या कडेकडेने गेलो, स्कीच्या काठीने टोचत. एका अरुंद जागी पलीकडे गेलो, तर डावा पाय घोट्यापर्यंत लगद्यात. बोटांची हकिगत ती ही. त्या रात्रीही बटण दाबलं. आम्ही ठीक आहोत.

तुझं काय? बदली टळली का? काकांच्या डोळ्याचं झालं ना? सईची दहावी यंदाच, परीक्षा संपली की तिला फोन करतो, खरंच करतो. वहिनींना नमस्कार.

हे मेलने पाठवतोय, कारण पोस्टाची वाट बघण्याएवढा वेळ नाही. माझी काळजी घेतली म्हणून मेधाने ‘त्या दोघांना’ शुक्रवारी जेवायला बोलावलंय. मेनूही ठरलाय. त्याआधी तिला सांगायचंच आहे, एकटा गेलो होतो हे तर सांगेनच. काठीचं सांगू का, ते तू सांग. आणि बुटाचं खरं काय ते कळव. तळ निघाला होता की काढला होतास, काहीही असो, मी तो किस्सा पुन्हा सांगणार नाही.

शुक्रवारच्या आत लिही.

तुझा,
अव्या

ता. क. नान्याला यातलं काही बोलू नकोस. तो काठीची किंमत विचारेल.