साठावं मत

श्रूसबरी, मॅसॅच्युसेट्स
११ फेब्रुवारी २०१०

प्रिय दिन्या,

तुझं पत्र मिळालं. मिरजेत तुझ्या मेडिकलच्या काउंटरवर ओबामाची चर्चा रंगते हे वाचून मजा वाटली. माणूस एवढ्या बहुमतानं निवडून आला, दोन्ही सभागृहं त्याच्याच पक्षाची, मग आरोग्य विम्याचं एक विधेयक वर्षभर भिजत घोंगडं का, हा तुझा प्रश्न. फोनवर सांगायला गेलो तर कार्ड संपेल, म्हणून लिहितोय.

सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, १०० सभासद. कायदा ५१ मतांनी होतो, पण ‘आता चर्चा पुरे’ म्हणायला ६० लागतात. म्हणजे ४१ जण अडून बसले की विधेयक मतदानापर्यंत पोचतच नाही. डेमोक्रॅट्सकडे दोन अपक्ष धरून नेमके ६० होते. झालं काय, साठातला प्रत्येक जण स्वतःला साठावा समजायला लागला. कनेक्टिकटचे लिबरमन अडले, म्हणून सरकारी विम्याचा पर्याय गेला. नेब्रास्काच्या बेन नेल्सननी आपल्या राज्यातल्या मेडिकेडचा, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याचा, वाढीव खर्च कायमचा केंद्राच्या गळ्यात बांधून घेतला आणि मगच होकार दिला. शेवटी २४ डिसेंबरला, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी भल्या सकाळी, ६० विरुद्ध ३९ नं ते पास झालं. एकही रिपब्लिकन मत नाही. प्रतिनिधिगृहानं, म्हणजे खालच्या सभागृहानं, नोव्हेंबरमध्ये आपलं वेगळं विधेयक २२० विरुद्ध २१५ नं काढलं होतं. आता दोन्हींचा मेळ घालायचा एवढंच उरलं होतं.

आणि महिन्याच्या आत आमच्या राज्यानं साठावा माणूस काढून घेतला.

टेड केनेडी ऑगस्टमध्ये गेले, हे तुला माहीत असेलच. ४७ वर्षं त्यांच्याकडे असलेली जागा, आणि सगळ्यांना विमा हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्या जागेवर १९ जानेवारीला स्कॉट ब्राउन नावाचा रिपब्लिकन निवडून आला, आणि तोही ‘मी एक्केचाळिसावा होईन’ असं उघड सांगून. जुन्या पिकअप ट्रकमधून गावोगाव फिरला. समोर राज्याच्या अॅटर्नी जनरल मार्था कोकली. जागा घरचीच आहे अशा थाटात त्या वावरल्या. फेनवे पार्कबाहेर थंडीत उभं राहून लोकांशी हात मिळवायचे का, असं काहीसं बोलून बसल्या. बॉस्टनमध्ये बेसबॉलच्या मैदानाची टिंगल म्हणजे कोल्हापुरात कुस्तीची! मत मी त्यांनाच दिलं, पण मनापासून दिलं असं म्हणता यायचं नाही.

खरी गंमत पुढे आहे. ज्या विधेयकाला रिपब्लिकन आज समाजवाद म्हणून शिव्या घालतायत, त्याचा सांगाडा आमच्याकडे २००६ पासून उभा आहे. प्रत्येकानं विमा घ्यायचा, परवडत नाही त्याला सरकार मदत करणार, परवडत असून घेतला नाही तर दंड. दर जानेवारीत विमा कंपनीकडून १०९९-एचसी नावाचा कागद येतो. त्यातली माहिती राज्याच्या टॅक्स रिटर्नमध्ये भरायची. कालच मी तो शोधत अर्धी ड्रॉवरं उपसली. हा कायदा आणला तेव्हाच्या गव्हर्नरनी, मिट रॉम्नी यांनी. पक्ष रिपब्लिकन. बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये त्यांनी सही केली तेव्हा केनेडी शेजारी उभे होते. आणि राज्याच्या सिनेटमध्ये त्याच्या बाजूनं मत देणाऱ्यांत हाच स्कॉट ब्राउन होता! आता म्हणतो, आमच्याकडे सोय झालीय, बाकीच्या राज्यांसाठी आपण का भरायचं? आपला तो बाब्या.

पण लोकांना मूर्ख म्हणून मोकळं होऊ नकोस. आमच्या शेजारचे आजोबा सत्तरीपुढचे. जन्मभर युनियनचे इलेक्ट्रिशियन, केनेडींशिवाय दुसऱ्याला मत दिलं नाही. या वेळी ब्राउनला दिलं. मतदानानंतर दोन दिवसांनी आम्ही दोघं आपापल्या दारातला बर्फ उपसत होतो, तेव्हा स्वतःहून सांगितलं. त्यांना भीती मेडिकेअरची. म्हाताऱ्यांच्या त्या विम्यातून दहा वर्षांत ५०० अब्ज डॉलरच्या आसपास कमी करणार, हे त्यांनी ऐकलंय, आणि आकडा खोटा नाही. त्यातले बरेच पैसे विमा कंपन्यांना दिली जाणारी जादा रक्कम कापून येणार आहेत, हे मी समजावलं. फावडं टेकून त्यांनी ऐकून घेतलं. मग मुलाचं सांगायला लागले.

मुलगा पलीकडच्या न्यू हॅम्पशायरमध्ये. आमचा कायदा तिथे लागू नाही. उन्हाळ्यात नोकरी गेली आणि नोकरीबरोबर विमा. जुना विमा चालू ठेवायचा तर हप्ता स्वतःच्या खिशातून भरायचा. त्यात डायबेटिस, म्हणजे नवी पॉलिसी मिळाली तरी हप्ता घराच्या कर्जाएवढा. मी उत्साहानं म्हटलं, अहो, हे विधेयक नेमकं त्याच्यासारख्यांसाठीच आहे, आजाराचं कारण दाखवून कंपनीला नाही म्हणता येणार नाही. त्यांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, २०१४. “चार वर्षं? तोवर इन्सुलिन काय ओबामा पाठवणार?”

काय बोलणार? दहा वर्षांचा खर्च ९०० अब्जांच्या आत दिसावा म्हणून मुख्य तरतुदी पुढे ढकलल्यात. कागदावर हिशेब जुळला, पण भांडण आजचं आणि औषध चार वर्षांनी. देशात बेकारी दहा टक्क्यांवर गेली, बँकांना वाचवायला पैसे रातोरात निघाले, आणि याच्यासाठी वर्षभर चर्चेचं गुऱ्हाळ. उन्हाळ्यात म्हाताऱ्यांना मारायला सरकार समित्या नेमणार अशी अफवा सारा पेलिननी, २००८ च्या रिपब्लिकन उपाध्यक्षपदाच्या उमेदवारानी, पसरवली. ती धादांत खोटी, पण टिकली, कारण खरं काय मिळणार ते एका वाक्यात सांगणारा डेमोक्रॅट मला तरी भेटला नाही. माझा राग रिपब्लिकनांपेक्षा यांच्यावर जास्त आहे. समोरच्यांनी विरोध करायचा ठरवला आणि केला. यांनी ६० मतं हातात असताना नेब्रास्काचा सौदा टीव्हीवर सगळ्या देशाला दाखवला.

विमा असूनही सुख नाही, तेही ऐक. गेल्या वर्षी नीताच्या गुडघ्याचा एमआरआय झाला. घरी कागद आला, वर ठळक अक्षरात ‘हे बिल नाही’. खाली हॉस्पिटलचा दर एक, कंपनीनं मान्य केलेला त्याच्या निम्माही नाही, आणि आमचा वाटा तिसराच. खरं बिल महिन्यानं आलं, त्यावर चौथाच आकडा. फोन केला तर हॉस्पिटल म्हणतं कंपनीला विचारा, कंपनी म्हणते हॉस्पिटलला. आम्ही तर विमा असलेले, बऱ्या नोकरीतले लोक. देशात साडेचार कोटींहून जास्त माणसांकडे तोही नाही.

आता वाट एकच दिसते. प्रतिनिधिगृहानं सिनेटचं विधेयक आहे तसं पास करायचं आणि दुरुस्त्या अर्थसंकल्पाच्या नियमाखाली ५१ मतांत उरकायच्या. पण तिथल्यांचा सिनेटवर काडीचा विश्वास नाही. ओबामानं २५ तारखेला दोन्ही पक्षांना ब्लेअर हाउसमध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या अतिथिगृहात, बोलावलंय, सगळं टीव्हीवर थेट. सध्या तर वॉशिंग्टन बर्फाखाली गाडलंय, सोमवारपासून सरकारी कचेऱ्या बंद. आजोबा म्हणतात, फरक काय पडला?

मला विचारशील तर पास व्हावं, अगदी नेब्रास्कासकट. हे पडलं तर पुन्हा हात लावायला कुणी धजणार नाही. १९९४ मध्ये क्लिंटनचं पडलं, त्यानंतर पंधरा वर्षं गेली.

काकांच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? मिरजेतच करणार असाल तर मागे तुम्हाला आवडले होते त्याच डॉक्टरांकडे करा, आणि खर्च किती आला ते कळव. ऑफिसात सांगायला मला आकडा हवाय, कुणाचा विश्वास बसत नाही. काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या